मुलांच्या पोटातील जंत : औषध कोणते, कधी आणि त्यानंतर काय?

अंगणवाडीत किंवा शाळेत ठरलेल्या दिवशी मुलांना चघळण्याची एक गोळी दिली जाते. तिचे नाव अल्बेंडाझोल. गोळी घेतली म्हणजे जंतांचा प्रश्न मिटला, अशी बहुतेक पालकांची समजूत असते. मग दोन-तीन महिन्यांनी मूल पुन्हा पोटात दुखते म्हणू लागते, रात्री खाज सुटून रडत उठते किंवा दिवसेंदिवस फिकट दिसू लागते. तेव्हा 'गोळीचा काही उपयोग झाला नाही' असा निष्कर्ष काढला जातो आणि औषधाच्या दुकानातून तीच गोळी पुन्हा आणली जाते. या समजुतीत दोन चुका आहेत. पहिली, पोटातील सर्व परजीवी एकाच औषधाने मरतात असे मानणे. दुसरी, औषधाने पोट रिकामे झाले तरी अंगणातली माती, विहिरीचे पाणी आणि मुलाची नखे यांतून ते पुन्हा भरू शकते, हे विसरणे. डिचोली तालुक्यातील मये, तसेच पेडणे तालुक्यातील गावे यांसारख्या पाणथळ, कुळागरांच्या परिसरात राहणाऱ्या कुटुंबांनी या दोन्ही गोष्टी नीट समजून घेणे आवश्यक आहे.

माती, पाणी आणि जंतांचा प्रवास

जंतांची अंडी किंवा अळ्या जगण्यासाठी तीन गोष्टी लागतात : ऊब, ओलावा आणि सावली. मये गावात या तिन्ही मुबलक आहेत. डोंगरांच्या कुशीतला तलाव, त्याच्या पाण्यावरची शेते, माडा-पोफळींची गर्द कुळागरे, पाटाने खेळणारे पाणी आणि वर्षातील चार महिने कोसळणारा पाऊस. गावाला वैभव देणारे हेच वातावरण जंतांच्या अंड्यांनाही पोषक असते. कडक उन्हात आणि कोरड्या जमिनीत ही अंडी लवकर नष्ट होतात. पोफळीच्या सावलीतल्या ओल्या मातीत मात्र गोल जंतांची अंडी महिनोन् महिने, अनुकूल परिस्थितीत काही वर्षेही टिकतात.

परंतु केवळ माती असून भागत नाही. त्या मातीत माणसाची विष्ठा मिसळल्याशिवाय ही साखळी सुरूच होत नाही. मातीतून पसरणारे हे जंत मुख्यतः माणसाच्याच आतड्यात वाढतात, त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, काही दिवस मातीत मुरतात आणि मग दुसऱ्या माणसाच्या शरीरात शिरतात. घरोघरी शौचालये झाल्यापासून ही साखळी बरीच तुटली आहे. तरीही लहान मुलाला अंगणाच्या कडेला बसवणे, मजुरांच्या तात्पुरत्या खोपट्यांजवळ शौचालय नसणे, पावसाळ्यात शोषखड्डा तुडुंब भरून वाहणे आणि खड्ड्यातला गाळ पूर्ण कुजण्याआधीच झाडांच्या मुळाशी घालणे, या वाटांनी ती पुन्हा जोडली जाते.

पाण्याच्या बाबतीत गोव्याने मोठा पल्ला गाठला आहे. प्रत्येक ग्रामीण घरात नळजोडणी असल्याचे प्रमाणित करणारे देशातील पहिले राज्य म्हणून ऑगस्ट २०२२ मध्ये गोव्याची घोषणा झाली. मात्र ज्या घरांत विहीर किंवा झर यांचे पाणीही पिण्यासाठी वापरले जाते, तेथे सावधगिरी हवी. आपल्याकडचा जांभा दगड सच्छिद्र आहे. जंतांची अंडी आकाराने मोठी असल्याने मातीच्या थरात अडकतात. पण जियार्डिया व अमीबा यांचे सूक्ष्म कोष दूषित पाण्याबरोबर विहिरीपर्यंत पोचू शकतात. म्हणून शोषखड्डा विहिरीपासून शक्य तितका दूर आणि उताराच्या खालच्या बाजूस असावा.

मातीतून येणारे तीन जंत

*गोल जंत.* ज्याला आपण नुसते 'जंत' म्हणतो, तो बहुधा हाच. गांडुळासारखा दिसणारा, फिकट गुलाबी-पांढरा, १५ ते ३५ सेंटिमीटर लांबीचा. त्याची मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. ताजे अंडे रोगकारक नसते; मातीत दोन ते चार आठवडे राहिल्यावर त्यात अळी तयार होते. मातीचे हात, न धुतलेली भाजी, जमिनीवर पडलेले फळ यांतून ते पोटात गेले की अळी आतड्याची भिंत भेदून रक्तावाटे फुप्फुसात जाते, तेथून घशात येते, पुन्हा गिळली जाते आणि मग आतड्यात मोठी होते. या प्रवासात काही मुलांना कोरडा खोकला व धाप लागते. पूर्ण वाढीस दोन ते तीन महिने लागतात. संख्या थोडी असेल तर लक्षणे जवळजवळ नसतात. संख्या वाढली की पोट फुगणे, भूक मंदावणे, वजन न वाढणे ही चिन्हे दिसतात. जंतांचा गुंता झाल्यास आतडे बंद पडू शकते, तर कधी एखादा जंत पित्तनलिकेत शिरतो. दोन्ही प्रसंग रुग्णालयातच हाताळावे लागतात.

*अंकुशकृमी.* आकाराने जेमतेम एक सेंटिमीटर, पण मुलांसाठी सर्वांत घातक. हा तोंडाने नव्हे, पायातून शिरतो. विष्ठेतील अंड्यांतून ओल्या मातीत अळ्या बाहेर पडतात आणि अनवाणी पायाच्या, विशेषतः बोटांच्या बेचक्यातल्या मऊ त्वचेतून आत घुसतात. त्या जागी खाज व पुरळ येते. चिखलात काम केल्यावर होणारी प्रत्येक खाज याचीच नसते, पण शंका घ्यावी. आतड्यात पोचल्यावर हा जंत भिंतीला चिकटून रक्त पितो. दक्षिण भारतात प्रामुख्याने आढळणाऱ्या जातीचा एक जंत दिवसाला साधारण ०.०३ मिलिलिटर रक्त घालवतो. आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु शंभर जंत असतील तर दिवसाला ३ आणि महिन्याला ९० मिलिलिटर रक्त जाते. पंधरा किलो वजनाच्या मुलाच्या अंगात सगळे मिळून सव्वा लिटरच्या आतबाहेरच रक्त असते. ज्या मुलाच्या आहारात लोह आधीच कमी आहे, त्याला या गळतीतून रक्तक्षय व्हायला वेळ लागत नाही. थकवा, अभ्यासात लक्ष न लागणे, खेळताना धाप लागणे, क्वचित माती खाण्याची सवय, ही त्याची लक्षणे होत.

*चाबूककृमी.* तीन ते पाच सेंटिमीटर लांब, एक टोक चाबकाच्या वादीसारखे बारीक. तो मोठ्या आतड्याच्या अस्तरात ते टोक रुतवून राहतो. याचा प्रसारही गोल जंताप्रमाणे तोंडावाटेच होतो. संख्या फार असेल तर मुलाला आव पडते, रक्त जाते आणि जोर करून करून गुदद्वाराचा भाग बाहेर येतो. औषधांना सर्वांत कमी दाद देणारा जंत हाच आहे.

मातीशी संबंध नसलेले परजीवी

*सूतकृमी.* पांढरे, सुतासारखे, एक सेंटिमीटरच्या आसपासचे. सुशिक्षित, स्वच्छ घरांतही सर्रास आढळणारे. यांची मादी रात्री गुदद्वारापाशी येऊन अंडी घालते. तेथे प्रचंड खाज सुटते, मूल खाजवते, अंडी नखांत अडकतात आणि तोंडात जातात. ही अंडी काही तासांतच रोगकारक होतात, त्यामुळे माती लागतच नाही. चादर, टॉवेल, चड्डी, खेळणी यांवरून ती घरातल्या सर्वांपर्यंत पोचतात. म्हणूनच एकट्या मुलाला औषध देणे व्यर्थ ठरते. घरातील सर्वांनी एकाच वेळी औषध घ्यावे लागते आणि दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा घ्यावी लागते. पहिली मात्रा जिवंत जंत मारते, पण अंडी नष्ट करीत नाही. त्या अंड्यांतून वाढलेल्या जंतांना दुसरी मात्रा गाठते.

*जियार्डिया.* हा जंत नव्हे, एकपेशीय जीव. दूषित पाण्यातून व एका मुलाकडून दुसऱ्याकडे पसरतो. जुलाब, पोटात गुरगुर, वातूळपणा आणि तेलकट, पाण्यावर तरंगणारे, उग्र वासाचे शौच ही त्याची खूण. आठवडेच्या आठवडे चाललेला जुलाब आणि घटणारे वजन असेल तर याचा विचार आधी करावा. शाळेत मिळालेल्या अल्बेंडाझोलच्या एका गोळीने जियार्डिया बरा होत नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

*अमीबा.* आव व रक्त पडण्यास, क्वचित यकृतात गळू होण्यास कारणीभूत. येथे एक सावधानता हवी. शौचाच्या अहवालात 'अमीबाचे कोष' असे लिहून आले की लगेच औषध सुरू करण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब तसाच दिसणारा, पण निरुपद्रवी असा दुसरा अमीबा बहुतेकांत असतो. मूल ठणठणीत असेल तर केवळ अहवालावरून औषधे देऊ नयेत. निर्णय डॉक्टरांवर सोपवावा.

*पट्टकृमी.* बुटका पट्टकृमी मुलांत एकाकडून दुसऱ्याकडे थेट पसरतो. लांब पट्टकृमी मात्र अर्धवट शिजलेल्या गोमांसातून किंवा डुकराच्या मांसातून येतात. डुकरातल्या पट्टकृमीचा धोका दुहेरी आहे. ज्याच्या पोटात तो आहे, त्याच्या विष्ठेतील अंडी दुसऱ्याच्या पोटात गेल्यास त्यांच्या अळ्या मेंदूत जाऊन गाठी करतात आणि मुलाला झटके येऊ लागतात. गोव्यात एके काळी घरामागे डुकरांशी जोडलेले संडास असत. माणसाची विष्ठा डुकराच्या आणि डुकराचे मांस माणसाच्या पोटात जाण्याचे ते वर्तुळ या कृमीला हवे तसेच होते. ते संडास गेले, हा केवळ सौंदर्याचा नव्हे तर आरोग्याचा लाभ. मेंदूतल्या गाठींचा आजार शुद्ध शाकाहारी कुटुंबातील मुलालाही होऊ शकतो, कारण तो मांसातून नव्हे तर दूषित हात, भाजी किंवा पाण्यातल्या अंड्यांतून येतो.

वावडिंगापासून अल्बेंडाझोलपर्यंत

जंतांवर उपचार ही नवी गोष्ट नाही. चरकसंहितेत कृमींचे वीस प्रकार सांगितले आहेत आणि चिकित्सेच्या तीन पायऱ्या दिल्या आहेत : अपकर्षण म्हणजे कृमी बाहेर काढणे, प्रकृतिविघात म्हणजे त्यांना पोषक असलेली शरीरातील स्थिती मोडणे आणि निदानपरिवर्जन म्हणजे मूळ कारण टाळणे. वावडिंग, पळसाचे बी, कपिला ही आयुर्वेदातील प्रसिद्ध कृमिघ्न द्रव्ये. गोव्यातील घरांत मुलांना कडू किराईत देण्याची आणि वर एरंडेल पाजण्याची रीत जुन्या माणसांना आठवत असेल.

या उपायांमागे पिढ्यांचा अनुभव आहे. अडचण मात्रेची आहे. काढ्यात औषधी अंश किती उतरला, मुलाच्या वजनाला तो किती मानवेल आणि कोणत्या कृमीवर त्याचा किती परिणाम होईल, हे घरच्या घरी मोजता येत नाही. रक्तक्षय झालेल्या किंवा जुलाबाने अशक्त झालेल्या मुलाला एरंडेलाचा रेच देणे तर अपायकारकच. आजच्या औषधांबरोबर रेच, उपवास किंवा गूळ खाऊ घालणे यांपैकी कशाचीही गरज नाही.

अल्बेंडाझोल व मेबेंडाझोल ही औषधे जंताच्या पेशींचा सांगाडा बनवणाऱ्या एका प्रथिनाला चिकटतात. त्यामुळे जंताला साखर शोषून घेता येत नाही आणि तो उपासमारीने काही दिवसांत मरतो. म्हणूनच गोळी घेतल्यावर शौचात जंत दिसलेच पाहिजेत असे नाही. पुष्कळदा ते आतच विरघळून जातात. पायरँटेल हे औषध जंताला लुळे करते आणि आतड्याची हालचाल त्याला बाहेर ढकलते. प्राझिक्वांटेल पट्टकृमींवर चालते. आयव्हरमेक्टिन हे औषध त्वचेतून शिरणाऱ्या दुसऱ्या एका सूक्ष्म कृमीवर गुणकारी आहे. या औषधाच्या शोधाबद्दल विल्यम कॅम्पबेल व सातोशी ओमुरा यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. चाबूककृमीवर अल्बेंडाझोल व आयव्हरमेक्टिन एकत्र दिल्यास एकट्या अल्बेंडाझोलपेक्षा अधिक गुण येतो, असे अलीकडच्या अभ्यासांत दिसले आहे.

कोणाला कोणते औषध?

राष्ट्रीय कार्यक्रमात अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी वापरतात. वयानुसार तिची मात्रा अशी :

- एक वर्षाखालील बाळ : गोळी देत नाहीत.
- एक ते दोन वर्षे : अर्धी गोळी, म्हणजे २०० मिलिग्रॅम, बारीक करून पाण्यात.
- दोन ते तीन वर्षे : एक पूर्ण गोळी, बारीक करून पाण्यात.
- तीन ते एकोणीस वर्षे : एक पूर्ण गोळी, नीट चघळून.

लहान मुलाला अख्खी गोळी गिळायला लावू नये, रडणाऱ्या मुलाचे नाक दाबून तर मुळीच देऊ नये. गोळी श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. ज्याला ताप आहे किंवा जो आजारी आहे, त्याला बरे झाल्यावर द्यावी. गोळी जेवणानंतर घेतली तरी चालते.

इतर परजीवींसाठी औषधे वेगळी आहेत आणि त्यांची मात्रा वजनावर ठरते, म्हणून ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नयेत. सूतकृमीवर अल्बेंडाझोल, मेबेंडाझोल किंवा पायरँटेल. दोन आठवड्यांनी पुन्हा, आणि सर्व कुटुंबाला. जियार्डियावर टिनिडाझोलची एक मात्रा, पाच ते सात दिवस मेट्रोनिडाझोल किंवा तीन दिवस निटाझोक्सॅनाइड. अमीबामुळे आव पडत असल्यास मेट्रोनिडाझोल सात ते दहा दिवस आणि त्यानंतर आतड्यात उरलेले कोष नष्ट करणारे डायलोक्सॅनाइडसारखे दुसरे औषध. हे दुसरे औषध बऱ्याचदा राहून जाते आणि आजार उलटतो. दोन दिवसांत जुलाब थांबले म्हणून मेट्रोनिडाझोल मध्येच सोडणे हीदेखील नित्याची चूक आहे.

अंकुशकृमीच्या बाबतीत जंत मारून काम संपत नाही. गेलेले रक्त भरून काढण्यासाठी हिमोग्लोबिन सुधारल्यानंतरही काही महिने लोहाचे औषध चालू ठेवावे लागते. जंतनाशक गोळी आणि लोहाची गोळी ही जोडी आहे. एकीवाचून दुसरी अपुरी.

अल्बेंडाझोलचे दुष्परिणाम किरकोळ असतात : मळमळ, पोटदुखी, एखादी उलटी, थोडी चक्कर. ज्या मुलाच्या पोटात जंत अधिक, त्याला हा त्रास अधिक. बहुधा काही तासांत तो शमतो. मात्र मुलाला पूर्वी झटके आले असतील तर गोळीआधी डॉक्टरांना सांगावे, कारण मेंदूत पट्टकृमीच्या गाठी असल्यास या औषधाने झटके उद्भवू शकतात. किशोरवयीन विवाहित मुलगी गर्भवती असेल तर पहिल्या तीन महिन्यांत हे औषध टाळतात.

जंतनाशक दिनाची मर्यादा

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१५ मध्ये काही राज्यांत राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू केला आणि पुढील वर्षी तो देशभर नेला. १० फेब्रुवारी व १० ऑगस्ट हे त्याचे ठरलेले दिवस असून राज्यागणिक तारखा थोड्या मागेपुढे होतात. राहिलेल्या मुलांसाठी काही दिवसांनी पुन्हा गोळ्या देतात. प्रत्येकाची शौचतपासणी न करता सरसकट गोळी देण्यामागे साधा हिशेब आहे : गोळी स्वस्त व सुरक्षित आहे, तपासणी महाग व वेळखाऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ज्या भागात वीस टक्क्यांहून अधिक मुलांत हे जंत आहेत, तेथे वर्षातून एकदा आणि पन्नास टक्क्यांहून अधिक मुलांत असतील तेथे दोनदा अशी गोळी द्यावी.

या गोळीचा गुण जंतागणिक बदलतो. एका मात्रेने गोल जंत दहापैकी नऊ मुलांत पूर्ण जातात, अंकुशकृमी दहापैकी सात-आठ मुलांत, तर चाबूककृमी जेमतेम तिघांत. अर्थात पूर्ण गेले नाहीत तरी त्यांची संख्या घटते आणि आजाराचा जोर ओसरतो, हा लाभ कमी नाही.

खरी अडचण पुढची आहे. निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून २०१२ मध्ये केलेल्या पाहणीत असे दिसले की, उपचारानंतर बारा महिन्यांत गोल जंतांचे प्रमाण पूर्वीच्या ९४ टक्क्यांपर्यंत, चाबूककृमींचे ८२ टक्क्यांपर्यंत आणि अंकुशकृमींचे ५७ टक्क्यांपर्यंत परत येते. म्हणजे माती व पाणी बदलले नाही, तर वर्षभरात आपण जवळपास जेथे होतो तेथेच येतो. उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख मुलांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीतही दर सहा महिन्यांनी दिलेल्या अल्बेंडाझोलमुळे बालमृत्यूंत लक्षणीय घट आढळली नाही. यावरून गोळी निरुपयोगी ठरत नाही. ज्या मुलाच्या पोटात जंत भरपूर आहेत, त्याला तिचा निश्चित लाभ होतो. पण गोळी ही चरकाच्या तीन पायऱ्यांपैकी पहिलीच पायरी आहे. तिसरी, कारण टाळण्याची, अंगणवाडीत वाटता येत नाही.

दुसरी मर्यादा पोचण्याची. ज्या मुलाचे नाव शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या पटावर नाही, त्याला गोळी मिळतेच असे नाही. बांधकामावर आणि शेत-बागायतीत राबणाऱ्या स्थलांतरित मजुरांची मुले यात मोडतात. गावातील मुले आणि ही मुले एकाच मातीत खेळतात. त्यांना वगळून गावाचे आरोग्य राखता येणार नाही. आपल्या वाड्यावर असे कुटुंब आले असेल तर अंगणवाडी सेविकेला किंवा मये प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवणे, हे शेजारधर्माइतकेच स्वार्थाचेही काम आहे.

काही रूढ समजुती

गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत. अंडी किंवा अळी शरीरात गेल्याशिवाय जंत होणे शक्य नाही. मात्र उघड्यावरचा, माश्या बसलेला खाऊ हा अंड्यांचा वाहक ठरू शकतो. झोपेत दात खाणे हे जंतांचे लक्षण असल्याचा पुरावा नाही. गालावरचे फिकट पांढरे डाग बहुधा कोरड्या त्वचेमुळे पडतात. लाळ गळणे, बोट चोखणे, चिडचिड यांवरूनही जंतांचे निदान होत नाही. 'थोडे जंत पोटात हवेतच, ते अन्न पचवतात' हे तर सर्वस्वी चुकीचे. जंत अन्न पचवत नाहीत, आपले अन्न व रक्त खातात.

तपासणी आणि वैद्यकीय मदत

शाळेत गोळी मिळूनही तक्रार कायम असेल तर गोळी पुन्हा देण्याऐवजी शौचतपासणी करून घ्यावी. जियार्डिया व काही जंत दररोज शौचातून बाहेर पडत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने दिल्यास निदान अचूक होते. सूतकृमी शौचतपासणीत बहुधा सापडत नाही; त्यासाठी सकाळी, मुलाने शौचास जाण्यापूर्वी व अंघोळीपूर्वी, गुदद्वाराजवळ चिकटपट्टी लावून ती काचपट्टीवर डकवून तपासतात. फिकट दिसणाऱ्या मुलाचे हिमोग्लोबिन अवश्य तपासावे.

पुढील लक्षणांत वाट पाहू नये : पोट फुगून शौच व वारा बंद होणे, हिरवट उलट्या, उलटीतून जंत पडणे, शौचातून रक्त, उजव्या बरगडीखाली वेदना व ताप, झटके, किंवा जुलाबामुळे मूल निपचित पडणे. पोट फुगून उलट्या होत असताना घरी जंतनाशक गोळी देऊ नये. अशा मुलाला डिचोलीच्या सामाजिक आरोग्य केंद्रात, आणि तेथून सांगितल्यास म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात विनाविलंब न्यावे.

घरात आणि अंगणात करण्याजोगे

गोळी दिल्याचा दिवस हा घरच्या कामाचाही दिवस मानावा. मुलाची नखे कापावीत. शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुण्याची सवय पालकांनी स्वतःपासून लावावी. बाळाची विष्ठा अंगणाच्या कडेला न टाकता शौचालयातच टाकावी. ती निरुपद्रवी असते हा भ्रम आहे. कुळागरात, शेताच्या बांधावर आणि तलावाकाठच्या ओल्या जमिनीवर मुलाच्या पायात चप्पल असावी. भाजी वाहत्या पाण्यात दोन-तीनदा धुवावी, कच्ची खायची असेल तर अधिक काळजीने.

विहिरीचे पाणी पिण्यापूर्वी उकळावे. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट ठेवले की पुरे. जियार्डियाचे कोष क्लोरीनच्या नेहमीच्या मात्रेला दाद देत नाहीत, म्हणून विहिरीत औषध टाकले आहे एवढ्यावर विसंबू नये. घरात सूतकृमी असतील तर उपचाराच्या दिवशी चादरी व अंतर्वस्त्रे गरम पाण्यात धुवून उन्हात वाळवावीत आणि मुलाला सकाळी उठताच अंघोळ घालावी. शोषखड्डा उपसायचा असेल तर तो भरल्यावर बंद करून निदान एक-दोन वर्षे तसाच राहू द्यावा. त्यापूर्वीचा गाळ झाडांना घालणे म्हणजे अंड्यांची पेरणीच.

पुढच्या वेळी शाळेतून गोळी मिळाल्याचे मूल सांगेल, तेव्हा ती तारीख त्याच्या आरोग्यपत्रिकेवर नोंदवून ठेवावी. डॉक्टरांकडे जाण्याची वेळ आलीच, तर कोणते औषध कधी दिले, घरात आणखी कोणाला त्रास आहे, पिण्याचे पाणी कोठले, या तीन प्रश्नांची उत्तरे निदानास फार उपयोगी पडतात.